वेडंवाकडं का होईना

(बुलडाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



१८८२ साली आपल्याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. एकाच गोष्टीसाठी बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं का, हा त्यांचा सवाल होता. तोच सवाल आज मी एका साध्या गोष्टीला लावणार आहे : छंदाला.

पारावर पत्त्यांचा डाव रंगतो. रोज हरणाराही रोज बसतो. ‘तुला खेळता येत नाही, मग बसतोस कशाला?’ असं त्याला कोणी विचारत नाही. बाईने मात्र पेटी शिकायला घेतली, की ‘आता या वयात काय गायिका होणार?’ शिवणकाम चालतं, कारण चार पैसे वाचतात. रांगोळी चालते, पण ती सुबक हवी. म्हणजे बाईच्या आवडीला उपयोग तरी हवा, नाहीतर बक्षीस तरी. ‘मला मजा वाटते’ हे कारण पुरत नाही.

कुणी म्हणेल, सोयाबीनला भाव नाही, पाण्यासाठी पायपीट, आणि ताई छंदाचं काय घेऊन बसल्या? प्रश्न रास्त आहे. पण छंदाला लागतो वेळ, आणि वेळ कोणाच्या वाट्याला किती, हाच तर आपला लढा आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. तीही जे पुरुष घरकाम करतात त्यांचीच.

न येणारी गोष्ट आनंदाने करणं आपल्याला नवीन नाही. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. बेसूर मुलीला कोणी बाहेर काढत नाही. टिपरी चुकली तर सगळ्या हसतात आणि पुढचं गाणं सुरू होतं. खिरापत सगळ्यांना सारखी. तीच मुलगी लग्नानंतर ‘मला नाही बाई गाता येत’ म्हणून मागे बसते. तिचा गळा बिघडलेला नसतो. मधल्या काळात तिला मोजणारी माणसं भोवती बसलेली असतात.

आणि आपण काय करतो? आपल्या मेळाव्यातही परीक्षक बसवतो, पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक काढतो. ज्यांना येतं त्या पुढे, बाकीच्या सतरंजीवर टाळ्या वाजवायला.

म्हणून एक सुचवते. महिन्याच्या बैठकीत हिशेब झाला की अर्धा तास राखून ठेवू. सायकल, चित्रं, कविता, कबड्डी. जे येत नाही पण करावंसं वाटतं, ते करू. नियम दोनच : क्रमांक काढायचा नाही, आणि ‘याचा उपयोग काय’ असं कोणी कोणाला विचारायचं नाही.

त्या अर्ध्या तासात घरची चूल कोण सांभाळणार, हे मात्र प्रत्येकीने घरात बोलून ठरवून यायचं. खरं काम तिथूनच सुरू होतं.