कोपऱ्यावरचा इराणी

मुंबईंत एके काळीं "इराण्याकडे भेटूं" एवढें म्हटलें कीं पाय आपोआप गल्लीच्या कोपऱ्याकडे वळत. यझ्द व केरमान या भागांतून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनीं हीं दुकानें थाटलीं. धोबी तलावावरील क्यानी आणि कंपनी हें त्यांपैकीं १९०४ सालचें.

संगमरवरी टेबलें, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि दाट दुधाचा चहा, एवढेंच तेथील वैभव. परंतु त्यांचें खरें मोल निराळें होतें. घरोघरीं पंक्तिभेद पाळला जाई त्या काळीं येथें कामगार, कारकून व विद्यार्थी एकाच टेबलाशीं बसत. "फार वेळ बसूं नये" अशी पाटी भिंतीवर असली, तरी एका कपावर वर्तमानपत्र वाचून होई.

पुढें मालकांचीं मुलें अन्य व्यवसायांत गेलीं, जागांचे भाव चढले आणि अनेक दुकानें मिटलीं. चहा कोठेंहि मिळेल. परंतु परक्याशेजारीं निःसंकोच बसण्याची संवय शहरानें मग कोठें शिकावी? उरलेल्या दुकानांत अवश्य जावें, आणि जातांना घरांतील मुलांसहि बरोबर न्यावें.