कोंबडीला श्रावण कळत नाही

वर्तकनगर नाक्यावर आमचा नेहमीचा अंडीवाला आहे. श्रावण लागला की त्याच्या दुकानातली ट्रेची चळत उतरतच नाही. आमच्या घरी श्रावण नसतो. त्या महिन्यात अंडी जरा स्वस्त मिळतात म्हणून मी आपला खूश असे. ही स्वस्ताई कोणाच्या खिशातून येते, ते आमच्या दुल्हाभाईंमुळे कळले.

शहापूर तालुक्यात त्यांची तीन हजार कोंबड्यांची शेड होती. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे रोज ३३० किलो, मका आणि सोयापेंड धरून. गिऱ्हाईक असो वा नसो. अंडी ठेवून द्यावीत, तर शीतगृहाचे भाडे परवडत नाही आणि उकाड्यात बाहेर ती आठवडाभरात उतरू लागतात. दर तरी आपल्या हातात असावा? १९८२ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती शेकड्याचा दर रोज सुचवते. पण दारात गाडी लावणारा व्यापारी त्यातून काही कापूनच पैसे मोजायचा. त्याला परत पाठवावे, तर उद्या आणखी दोन-अडीच हजार अंडी पडणारच!

त्यात आपला उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही. पारा पस्तिशीच्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते, खाणे कमी करते. अंडे लहान होते, कवच पातळ पडते. मग खड्डे खात माल ठाण्याला पोहोचेपर्यंत तळचे ट्रे ओले.

हेही त्यांनी निभावले असते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापुरातल्याच वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला. २००६ साली नवापूरला झाले होते, तसेच इथेही आसपासचे पक्षी मारावे लागले. दुल्हाभाईंची शेड तिथून लांब, कोंबड्या धडधाकट. पण गाडी येईना. नीट शिजवलेल्या अंड्यात हा विषाणू टिकत नाही, असे मी आमच्या इमारतीत सांगत फिरलो. घरी मात्र, कबूल करतो, पंधरा दिवस आम्हीही अंडी आणली नाहीत.

त्यांनी कोंबड्या मिळेल त्या भावाने काढल्या. शेडमध्ये आता भाताचा पेंढा असतो. गेल्या ईदला आले, तेव्हा शिरकुर्मा खाता खाता विचारले, “हल्ली शेकडा काय चाललाय?”

मला डझनाचाच भाव ठाऊक होता.