सोबत कोण येणार?

कानात इअरफोन आहेत ना? मग आज एक छोटा प्रयोग करू. मोबाईलची स्क्रीन बंद करा आणि हा भाग संपेपर्यंत तिच्याकडे बघू नका. आज मी ज्या मुलांबद्दल बोलणार आहे, ती मुलं फोन असाच वापरतात.

मी मूळचा जळगावचा. बीटेक केलं, पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि वर्क फ्रॉम होमच्या कृपेनं वर्षातले बरेच महिने घरीच असतो. मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्या सरांचा फोन आला. जळगाव आणि धुळ्याच्या कॉलेजांतली सात अंध मुलं-मुली दिल्लीला अंधांच्या एका राष्ट्रीय अधिवेशनाला जाणार होती. सर म्हणाले, "तुला टेक्निकल कळतं, जरा तयारी करून घे." मला वाटलं, दोन तासांचं काम आहे. तिकिटं काढायची, वेळापत्रक पाठवायचं, झालं.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. मी तीन दिवसांचं वेळापत्रक मस्त डिझाईन केलं, रंगबिरंगी, आयकॉन वगैरे लावून, आणि ग्रुपवर इमेज म्हणून टाकलं. पाच मिनिटांनी एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला, "दादा, फोन नुसता 'फोटो' म्हणतोय. आत काय आहे?"

अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर असतो. स्क्रीनवरचा मजकूर तो मोठ्यानं वाचतो. पण चित्रातली अक्षरं म्हणजे त्याच्यासाठी मजकूर नव्हे, ते नुसते पिक्सेल. मग मी आयोजकांकडून आलेलं मराठी पत्रक पाठवलं, पीडीएफ. त्यातून तर अगम्य इंग्रजी अक्षरंच ऐकू आली. कारण? ते जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं होतं. अशा फॉन्टमध्ये आपल्या डोळ्यांना 'क' दिसतो, पण फाईलच्या आत भलतंच इंग्रजी चिन्ह साठवलेलं असतं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, आपण वरचं बघतो. शेवटी मी सगळं साध्या युनिकोड मराठीत टाईप केलं. ना रंग, ना आयकॉन. एका मिनिटात सगळ्यांनी वाचलं. इतकी वर्षं कोडिंग करणाऱ्या माणसाला हे कळायला सात विद्यार्थी लागले!

आता तुम्ही विचाराल, अधिवेशनाला जायचंच कशाला? ऑनलाईन बघता येत नाही का?

त्यासाठी थोडा इतिहास. अमेरिकेत 1940 साली विल्क्स-बॅरी नावाच्या गावात सात राज्यांतून सोळा जण जमले आणि त्यांनी नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड ही संघटना काढली. पुढारी होते जेकोबस टेनब्रोक, स्वतः अंध आणि कायद्याचे अभ्यासक. त्यांचा मुद्दा साधा होता: अंधांचं भलं कशात आहे हे डोळस लोकांनीच का ठरवायचं? आपल्याकडे मुंबईत 1952 साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड सुरू झाली आणि तिनं मोठं काम केलं. पुढे 1970 साली भारतातही नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड स्थापन झाली, अंधांनी स्वतः चालवलेली. एका नावात 'फॉर', दुसऱ्यात 'ऑफ'. एक अंधांसाठी, दुसरी अंधांची. शब्द छोटासाच आहे, पण माईक कोणाच्या हातात हे त्यावर ठरतं.

आपल्याकडे प्रांजल पाटील यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. लहानपणी दृष्टी गेली, 2016 च्या यूपीएससीत 773 वी रँक आली. रेल्वेची अकाउंट्स सेवा मिळाली आणि मग पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन नाकारली गेली. त्यांनी परत परीक्षा दिली, 2017 मध्ये 124 वी रँक मिळवली आणि आयएएस झाल्या. आपण टाळ्या वाजवतो, स्टेटस ठेवतो. पण मला प्रश्न पडतो, ज्यांची पुढच्या वर्षी 124 वी रँक येणार नाही त्यांचं काय? एकटा माणूस परीक्षा पास होऊ शकतो, नियम बदलायला मात्र अनेकांनी एकत्र येऊन बोलावं लागतं. अधिवेशन त्यासाठी असतं. तिथे जाणारा विद्यार्थी फक्त प्रेक्षक नसतो. तो प्रश्न विचारतो, ठरावावर बोलतो. म्हणून त्याच्या वतीनं बोलणारा माणूस बरोबर पाठवला, तर जाण्याला काही अर्थच उरत नाही.

आणि इथेच आमचा खरा पेच होता. सात जणांमागे आम्ही डोळस दोघंच, मी आणि माझा एक मित्र. प्रत्येक घरातून एकच प्रश्न येत होता, "सोबत कोण येणार?"

धुळ्याची एक मुलगी होती, बीएच्या शेवटच्या वर्षाची. तिच्या आईनं फोनवर मला सांगून टाकलं, "घरचं माणूस सोबत नसेल तर पाठवणार नाही." मागून मुलीचा आवाज आला, "मी जासू ना, माय." आई तिलाच म्हणाली, "एकली कशी जाशी, बाई?" आणि फोन बंद.

आईचं चुकत होतं असं मला वाटत नाही. तिनं मुलीला कधी एकटं जाताना बघितलंच नव्हतं. जे कधी बघितलं नाही, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मी आईला समजावणं सोडून दिलं आणि तालीम ठरवली.

रेल्वेच्या नियमाची एक गंमत सांगतो. पूर्ण अंध प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे. सोबतच्या एका माणसालाही तेवढीच मिळते. त्यामुळे घरोघरी समज असा की सोबत माणूस न्यावाच लागतो. नियम मात्र म्हणतो, एकटा प्रवास करा किंवा सोबत्याबरोबर, सवलत दोन्हीकडे आहे. 'एकटा' हा शब्द नियमातच आहे, मंडळी. आपल्याच डोक्यात नाही.

तर एका रविवारी आम्ही जळगाव स्टेशनवर जमलो. धुळ्याची तिघं सकाळच्या एस.टी.नं पारोळा, एरंडोल करत आली. बेत असा: जळगाव ते भुसावळ, जेमतेम पंचवीस किलोमीटर, आणि परत. प्रत्येकानं तिकीट स्वतः काढायचं, प्लॅटफॉर्म स्वतः शोधायचा, डबा स्वतः गाठायचा. आम्ही दोघं मागे, हाताची घडी घालून. गाडी अंगावर येतेय असं काही असेल तरच ओरडायचं.

त्याआधी दोन आठवडे काठीचा सराव झाला होता. पांढरी काठी नुसती धरायची नसते. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे, उजवा पडताना डावीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासून होते. लांब काठीची ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी बसवली. सातातल्या चौघांकडे काठी होती, पण घडी घालून बॅगेत. का? तर "लोक बघतात".

दुसरा सराव मदतीचा. आपण डोळस लोक काय करतो? अंध माणूस दिसला की दंड पकडून ओढत रस्ता पार करून देतो, कधीकधी त्याला पार करायचा नसतानाही. योग्य पद्धत उलटी आहे. आधी विचारायचं, "मदत हवी का?" हो म्हणाला तर आपला हात पुढे करायचा. तो आपल्या कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागे चालेल. आपण वळलो, थांबलो की त्याला आपल्या अंगाच्या हालचालीवरून कळतं. मी मुद्दाम ओढणारा माणूस व्हायचो आणि मुलांनी मला थांबवायचं, तेही हिंदीत, कारण जायचं दिल्लीला. "भैया, आप मत पकड़िए, मैं पकड़ता हूँ." पहिले दोन दिवस सगळे लाजत होते. तिसऱ्या दिवशी माझाच हात झटकला गेला, जोरात. म्हटलं, जमलं!

बारीकसारीक गोष्टीही होत्या. बोलायच्या आधी आपलं नाव सांगायचं, कारण समोरच्यालाही दिसत नसतं. उठून जाताना "मी निघतोय" म्हणायचं, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. ताट घड्याळासारखं समजायचं: बारा वाजता भरीत, तीन वाजता ठेचा, सहा वाजता कळण्याची भाकरी. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप आहे, 2020 मध्ये आलेलं, नेटशिवाय चालतं. आणि फोन बंद पडला तर? महत्त्वाचे नंबर ब्रेलमध्ये कागदावर टोचून खिशात. हा शेवटचा उपाय त्यांनी मला शिकवला, माझ्या डोक्यात पॉवर बँकच्या पुढे काही येत नव्हतं.

तर तो रविवार. ती मुलगी आली आणि तिच्यासोबत तिची आईपण आली. काही बोलली नाही. आमच्यापासून जरा लांब, पदर तोंडाशी धरून उभी.

मुलगी तिकीट घेऊन निघाली आणि प्लॅटफॉर्मवर पहिल्याच फटक्यात चुकली. उलट्या दिशेनं चालायला लागली. आई दोन पावलं पुढे झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू. मुलगी मात्र थांबली. काठी जमिनीवर टेकवली, घोषणा ऐकली आणि बाजूनं जाणाऱ्या हमालाला विचारलं, "काका, जनरल डबा कुठे लागतो?" त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. ती म्हणाली, "मी तुमचा धरते." आणि दोघं चालत गेली. आई जागेवरच उभी राहिली.

भुसावळहून परत आल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "चुकली होती ना मघा?" मी म्हटलं, "हो काकू, चुकली होती." त्या म्हणाल्या, "मग विचारलं तिनं." थोड्या वेळानं, "स्वेटर लागेल ना तिकडे?"

दिल्लीला सातही जण गेले. सगळं छान झालं असं नाही. एकाची बॅग गाडीत राहिली, ती मिळाली नाही. एक जण तीन दिवसांत माईकवर एक शब्द बोलला नाही. पण ती मुलगी उभी राहिली. नाव सांगितलं, धुळे सांगितलं आणि विचारलं, "भारतानं 2014 मध्ये मराकेश करार मान्य केला. अंधांसाठी पुस्तकं वाचता येतील अशा रूपात करायला आपला कायदा परवानगी देतो. मग माझ्या मराठीच्या नोट्स अजून फोटो म्हणून का येतात?"

मी मागच्या रांगेत बसलो होतो. माझं ते रंगबिरंगी वेळापत्रक आठवलं आणि खुर्चीत जरा खाली सरकलो.

तिचा प्रश्न नोंदवला गेला. सुटला का? नाही. तिच्या नोट्स अजूनही बहुतेक फोटोच असतात. ती मला पाठवते, मी टाईप करून परत पाठवतो. पण ती आता कॉलेजला स्वतः पत्र लिहितेय, आणि पुढच्या वेळी जाणाऱ्या मुलांची भुसावळची तालीम तीच घेणार आहे.

तर मंडळी, आता स्क्रीन चालू करायला हरकत नाही. आज दोनच कामं करा. कॉलेजच्या ग्रुपवर नोटीसचा फोटो टाकणार असाल, तर खाली तोच मजकूर टाईप करून टाका. आणि स्टेशनवर पांढरी काठी दिसली, तर हात पकडू नका. आधी विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!