पाथरवटाची टाकी आणि संसदेचे आसन

(व्याख्यानाचा सारांश)



टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडमधील हेन्री ब्रॉडहर्स्ट यांनी हे घाव घातलेही आणि सोसलेही.

ऑक्सफर्डजवळील लिटलमोर येथे १८४० साली एका पाथरवटाच्या घरी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी वडिलांचाच व्यवसाय पत्करला. कामाच्या शोधात गावोगाव फिरून ते लंडनला आले आणि वेस्टमिन्स्टर येथील संसदभवनाच्या दगडकामावर रुजू झाले. १८७२ च्या पाथरवटांच्या लढ्यात समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८७५ मध्ये ते कामगार संघटनांच्या राष्ट्रीय परिषदेच्या संसदीय समितीचे चिटणीस झाले.

१८८० साली स्टोक-अपॉन-ट्रेंटच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. ज्या वास्तूचे दगड घडविले, तिथेच आता कायदे घडवावयाचे होते. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारात ते गृहखात्याचे उपमंत्री झाले. ब्रिटनमध्ये मंत्रिपद भूषविणारे ते पहिले श्रमिक होत.

मात्र मानाने त्यांची राहणी बदलली नाही. १८८४ मध्ये युवराजांच्या सँडरिंगहॅम येथील निवासस्थानी ते पाहुणे होते. मेजवानीचा औपचारिक पोशाख त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून त्यांचे भोजन त्यांच्या खोलीत आणून देण्यात आले.

खरी कसोटी पुढे लागली. आठ तासांचा कामाचा दिवस कायद्याने ठरवावा, अशी तरुण कामगारांची मागणी होती. संघटनेच्या बळावरच ते साधावे, असे ब्रॉडहर्स्ट यांचे मत होते. १८८७ च्या अधिवेशनात केअर हार्डी यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. १८९० मध्ये त्यांनी चिटणीसपद सोडले आणि १८९२ मध्ये नॉटिंगहॅममध्ये त्यांचा पराभव झाला. काळाने कौल हार्डींच्या बाजूने दिला, हे मान्य केले पाहिजे. तरीही मत गमावण्याच्या भीतीने ब्रॉडहर्स्ट यांनी आपले मत बदलले नाही. १८९४ साली लेस्टरने त्यांना पुन्हा निवडून दिले व १९०६ पर्यंत ते सभासद राहिले.

१९११ साली ब्रिटिश लोकप्रतिनिधींना प्रथमच वार्षिक ४०० पौंड वेतन मंजूर झाले. गरिबाच्या मुलासाठी संसदेचे दार त्यामुळे अधिक उघडले. त्याच वर्षी या पाथरवटाने जगाचा निरोप घेतला.

पद येते आणि जाते. हातांनी केलेल्या कष्टांची आठवण ज्याने पदावर असतानाही जपली, त्याचे जीवन पुढील पिढीने अवश्य अभ्यासावे.