अनुभव आणावा कोठून?

(रेडी, ता. वेंगुर्ले येथे नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेडीच्या भूमीत लोखंडाची खनिजे आहेत, पुढ्यात बंदर आहे आणि तेरेखोलच्या बाजूला गोव्याची हद्द लागलेली आहे. तरीही येथील तरुण शाळा-कॉलेजचे दाखले काखेत मारून मुंबईची वाट धरतो; आणि मुंबईत काय, गोव्यात काय, त्याला एकच प्रश्न विचारला जातो : 'अनुभव आहे काय?' अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, असा हा पेच आहे. या पेचाला नशीब म्हणून स्वस्थ बसणे आपल्याला परवडणारे नाही. त्यातून वाट कशी काढावयाची, याचाच विचार आज आपण करू.

मागाची शिकवण

हा पेच नवा नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले पूर्वज हजारोंनी राबले. परंतु विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे व त्यामुळे विटाळ होईल, असे कारण सांगितले जाई. मागावर बसू दिले नाही म्हणून विणकामाचा अनुभव नाही, आणि अधिक पगार तर त्याच खात्यात! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. अनुभवाचा अभाव हा नेहमीच माणसाचा दोष नसतो. पुष्कळदा तो बंद दाराचा परिणाम असतो. सबब दार कोठे उघडते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

शिकाऊ उमेदवारीचे दार

राज्यघटनेच्या कलम १६(४) मधील राखीव जागांची तरतूद शासकीय सेवेपुरती आहे. खाजगी खाणमालकावर वा कारखानदारावर ती बंधनकारक नाही, हे तुम्ही जाणताच. परंतु १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम खाजगी आस्थापनांनाही लागू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तीस किंवा त्याहून अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे त्या संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. आणि या मोजणीत कंत्राटी माणसेही धरावी लागतात. याच अधिनियमाच्या कलम ३अ प्रमाणे नेमून दिलेल्या व्यवसायांत अनुसूचित जाती व जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवाव्या लागतात. म्हणजे खाजगी कारखान्याच्या ज्या फाटकाशी आपला हक्क संपतो असे आपण समजतो, तेथेच तो या दाराने आत जातो.

शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते व शेवटी प्रमाणपत्र मिळते. कायमच्या नोकरीची हमी मात्र मिळत नाही, हे स्पष्ट समजून घ्या. तथापि उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. 'अनुभव आहे काय?' या प्रश्नाला देता येईल असे हे पहिले लेखी उत्तर होय.

नाव नोंदवून स्वस्थ बसू नका

सेवायोजन कार्यालयांची व्यवस्था १९४५ साली सुरू झाली, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडेच होते. पुढे १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा या कार्यालयास कळविणे भाग पाडले. परंतु तेथूनच माणूस घ्यावा, असे बंधन घातले नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, शासकीय भरतीत केवळ कार्यालयाने पाठविलेल्या नावांवर न थांबता वर्तमानपत्रादी मार्गांनी जाहिरात द्यावी व थेट आलेल्या अर्जांचाही विचार करावा. तेव्हा नाव नोंदवा. पण बोलावणे येईल म्हणून वाट पाहत राहू नका. जाहिरात वाचणे व मुदतीत अर्ज करणे हे काम तुमचे तुम्हालाच करावयाचे आहे.

कागद जपा

वकिलीच्या व्यवसायात मला असे कितीतरी तरुण भेटतात की, ज्यांनी ठेकेदाराकडे दोन-तीन वर्षे गाडी चालविली, यंत्र दुरुस्त केले, माल चढविला-उतरविला. परंतु हाती एक चिठोरीही नाही. अनुभव आहे, पण पुरावा नाही! कायद्याच्या आणि मालकाच्या दृष्टीने असा अनुभव नसल्यासारखाच ठरतो. म्हणून पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीचा पास यांपैकी जे मिळेल ते जपून ठेवा. आणि काम सोडताना काय काम केले व किती दिवस केले, याचा दाखला मागून घ्या. मागण्यात लाचारी नाही; तो श्रमाचा हिशेब आहे.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. १९९० च्या कायद्याने धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. परंतु दाखला व त्याची पडताळणी यांसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, जुने गावदप्तर आजच शोधा. मुलाखतीचे पत्र आल्यावर धावाधाव करणाऱ्याची संधी हातची जाते.

हद्दीपलीकडे जाण्यापूर्वी

गोवे येथून हाकेच्या अंतरावर आहे व तेथे कामाला जाणे स्वाभाविक आहे. परंतु एका राज्यातील अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाल्यास त्या राज्याच्या सेवेत त्याला राखीव जागेचा लाभ मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बीरसिंह खटल्यात पुन्हा सांगितले. तेव्हा गोव्यात जाल ते कौशल्याच्या बळावर जा, दाखल्याच्या भरवशावर जाऊ नका. जहाजावरील नोकरीसाठी कोणी दलाल पैसे मागू लागला, तर तेथूनच परत फिरा. खलाशाकडून भरतीचे शुल्क घेण्यास आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराची मनाई आहे आणि भारताने तो करार २०१५ साली स्वीकारला आहे. घरचे दागिने गहाण टाकून विकत घेतलेली नोकरी बहुधा नोकरी नसतेच.

गावाने काय करावे?

सर्व भार एकट्या तरुणावर टाकणे न्यायाचे नाही. खनिज कायद्यात २०१५ साली घातलेल्या कलम ९ब अन्वये खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापावयाचे असते. खाणबाधित लोकांच्या हितासाठी असलेल्या त्याच्या निधीतून कौशल्यविकासावर खर्च करता येतो. खाणीची तांबडी धूळ ज्यांच्या अंगणात पडते, त्यांच्या मुलामुलींना जोडारी, वीजकाम व अवजड वाहने चालविणे शिकविण्यासाठी हा पैसा खर्च व्हावा, असा ठराव ग्रामसभेत मांडा. ठराव लेखी करा, त्याची प्रत घ्या आणि पाठपुरावा करा.

बंधुभगिनींनो, चार ठिकाणी नकार मिळाला म्हणून आपली योग्यता कमी होत नाही. नकार मिळाला की त्याचे कारण विचारा, उणीव भरून काढा आणि पुन्हा अर्ज करा. ज्याला आधी काम मिळेल, त्याने मागून येणाऱ्याला अर्ज कसा लिहावा ते दाखवावे. आपल्यासाठी दार उघडणाऱ्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग हाच आहे.

जय भीम.