सोंगं तीन, अंग एकच

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या मालेत संतसाहित्यावर बोललं जातं, अर्थसंकल्पावर बोललं जातं. आजच्या पुष्पासाठी पत्रिकेवर एका अमेरिकन पैलवानाचं नाव छापलेलं पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असणार. त्यातून हा गृहस्थ आपल्या अर्थाने पैलवानही नाही. खासबागेत निकाली कुस्ती पाहिलेला माणूस टीव्हीवरची ती झुंज पाहून मान फिरवतो आणि म्हणतो, सगळं ठरवून चाललंय. बरोबर आहे त्याचं. कोण जिंकणार, कोण हरणार, हे तिथे आधी ठरतं. 1989 साली अशा झुंजी भरवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीच्या लोकांनी न्यू जर्सीच्या सिनेटपुढे स्वतःच सांगून टाकलं की आमचा हा खेळ नव्हे, मनोरंजन आहे. त्यात व्यवहारही होता. खेळ म्हटलं की सरकारी क्रीडा आयोगाची देखरेख आली आणि कर आला. मनोरंजन म्हटलं की दोन्ही टळतं.

तेव्हा 'खरं की खोटं' हा वाद 1989मध्येच मिटलेला आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. निकाल ठरलेला असताना माणूस रिंगणात नेमकं काय करतो? आणि तोच माणूस वेगवेगळी नावं, वेगवेगळे वेश घेऊन उभा राहतो तेव्हा काय बदलतं आणि काय बदलत नाही? याचं उत्तर शोधायला मिक फोलीइतका चांगला माणूस दुसरा नाही. नव्वदच्या दशकात केबलवर कुस्त्या पाहणाऱ्या आणि पैलवानांचे पत्ते जमवणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना तो 'मॅनकाइंड' म्हणून ठाऊक होता. चामड्याचा मुखवटा, विस्कटलेले केस आणि तुटलेला कान.

फोलीचा जन्म 1965चा, इंडियाना राज्यातला. वाढला न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. वडील शाळांच्या क्रीडा विभागाचे प्रमुख. म्हणजे घर सुशिक्षित, मध्यमवर्गीय. कॉलेजात असताना, ऑक्टोबर 1983मध्ये, वाटेत मिळेल त्या गाडीला हात करत तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पोहोचला. त्या रात्री जिमी स्नुका लोखंडी पिंजऱ्याच्या टोकावर चढला आणि तिथून त्याने खाली पडलेल्या डॉन मुराकोवर उडी घेतली. आयुष्यात काय करायचं ते फोलीने त्या रात्री ठरवलं.

याच काळात मित्रांना जमवून त्याने घरच्या कॅमेऱ्यावर एक चित्रफीत काढली. तिचा नायक 'ड्यूड लव्ह'. रंगीबेरंगी कपड्यांचा, पोरींच्या गळ्यातला ताईत, देखणा. थोडक्यात, फोली जे नव्हता ते सगळं. त्या नायकाने मित्राच्या घराच्या छपरावरून खाली उडी मारली. ही चित्रफीत पुढे कामी येणार आहे, तेवढी ध्यानात ठेवा.

मग रीतसर शिक्षण. पेनसिल्व्हेनियातल्या फ्रीडम नावाच्या गावात डॉमिनिक डेनुची हा जुना मल्ल शिकवत असे. कॉलेज चालू असतानाच दर आठवड्याला कित्येक तास गाडी हाकत फोली तिकडे जायचा आणि रात्री गाडीतच झोपायचा. 1986मध्ये तो रिंगणात उतरला. त्याच वर्षी त्या मोठ्या कंपनीच्या टीव्हीवर त्याला हरण्यासाठी उभं केलं गेलं. समोर ब्रिटिश बुलडॉग्जची जोडी. त्यातल्या डायनामाइट किडने असा हात मारला की फोलीचा जबडा दुखावला आणि कित्येक दिवस त्याला घट्ट अन्न चावता येईना. निकाल ठरलेला होता, जबड्याचं कुणी ठरवलं नव्हतं. हा फरक शेवटपर्यंत आपल्या सोबत राहणार आहे.

आता सोंगांकडे येऊ. या धंद्यात नायकाला 'बेबीफेस' म्हणतात, खलनायकाला 'हील'. नवख्याला बहुधा मालकच नाव देतो, वेश देतो. फोलीने रिंगणातलं पहिलं सोंग स्वतः उभं केलं: 'कॅक्टस जॅक'. जॅक हे वडिलांचं नाव. गाव सांगायचा न्यू मेक्सिकोतलं 'ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस'. असं गाव खरोखर आहे. 1950 साली एका रेडिओ कार्यक्रमाच्या नावावरून त्या गावाने स्वतःचं नाव बदलून घेतलं. सोंगाला गावही सोंगाडंच मिळालं म्हणायचं! चेक्सचा शर्ट, गबाळं शरीर, आणि कुणी करणार नाही ते करायची तयारी. देखणं शरीर नाही, चपळाई नाही, तर मग आपल्याजवळ काय आहे? मार सोसायची ताकद. फोलीने तेच भांडवल केलं.

त्याची किंमत मोजावी लागली. तेव्हा तो त्या मोठ्या कंपनीच्या प्रतिस्पर्धी कंपनीत होता. 1993च्या एप्रिलमध्ये वेडर नावाच्या अजस्र मल्लाने त्याला रिंगणाबाहेरच्या उघड्या काँक्रीटवर आपटलं. डोक्याला इजा झाली, एका पायाची संवेदना काही काळ गेली. कंपनीने यावर कथा काय रचावी? कॅक्टस जॅकची स्मृती गेली आणि तो क्लीव्हलँडच्या रस्त्यांवर भटकतोय! खऱ्या दुखापतीचा विनोद झाला. पुढल्या वर्षी मार्चमध्ये म्युनिकला, त्याच वेडरशी खेळताना, त्याची मान दोरांत अडकली. दोर नेहमीपेक्षा घट्ट ताणलेले होते. मान सोडवून घेताना उजव्या कानाचा दोन तृतीयांश भाग तुटला. झुंज त्यानंतरही थोडा वेळ चालली. एवढं होऊनही कंपनीला त्यातून एक गोष्ट सांगावीशी वाटली नाही, ही फोलीची मोठी तक्रार होती. त्या वर्षी त्याने कंपनी सोडली.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियातल्या ईसीडब्ल्यू या छोट्या संस्थेत तो गेला. तिथला प्रेक्षक रक्ताचा भुकेला. काटेरी तार, खुर्च्या, टेबलं, छड्या. एकदा प्रेक्षकांतून एक फलक उंचावला गेला: फोलीच्या मुलाला छडीने मारा. मुलगा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. फोलीने तो फलक आपल्या भाषणाचा विषय केला. तुमच्यासाठी मी अंग फोडून घेतो आणि तुम्ही माझ्या पोरावर उठता? आशय असा. मग त्याने एक विलक्षण खेळी केली. 'हार्डकोअर' म्हणून गाजलेला कॅक्टस जॅक मुद्दाम सौम्य, कंटाळवाणा खेळ खेळू लागला. प्रेक्षक चवताळले, आणि त्याला ते चवताळलेलेच हवे होते. खलनायक कुणाचा? समोरच्या मल्लाचा नव्हे, थेट प्रेक्षकांचा. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच 1995च्या ऑगस्टमध्ये हाच माणूस जपानमधल्या कावासाकीच्या मैदानात काटेरी तारा आणि स्फोटकांच्या स्पर्धेत उतरला, अंतिम फेरीत आपल्या गुरुस्थानी असलेल्या टेरी फंकशी लढला आणि जिंकला. बोलणं एक आणि करणं दुसरं, असं आपण म्हणू शकतो. पण त्याच्यात राग आणि हौस दोन्ही खरी होती, म्हणूनच ते भाषण खरं वाटलं.

1996मध्ये मोठ्या कंपनीने त्याला बोलावलं. मालक विन्स मॅकमहनला कॅक्टस जॅक नको होता. त्याला मुखवट्याआडचा विकृत जीव हवा होता. त्यातून 'मॅनकाइंड' आला: तपकिरी कपडे, चामड्याचा मुखवटा, स्वतःचे केस उपटणं, किंचाळणं, बॉयलरच्या खोलीत बसून हळू आवाजात बोलणं. रिंगणात येताना त्याच्यासाठी भयाण संगीत वाजे आणि जिंकून जाताना शांत पियानो. त्याचा डावही वेगळा: प्रतिस्पर्ध्याच्या तोंडात बोटं घालून जबडा आतून दाबायचा. तो आला सॅम शेपर्ड या डॉक्टरकडून. 1954मध्ये पत्नीच्या खुनाचा आरोप, शिक्षा, बारा वर्षांनी निर्दोष सुटका, आणि आयुष्याच्या शेवटी हा डॉक्टर चक्क व्यावसायिक मल्ल झाला होता.

अंडरटेकर या मल्लाशी मॅनकाइंडचं वैर गाजलं. पण सोंग खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते 1997मध्ये, मुलाखतींतून. समालोचक जिम रॉसने त्याला समोर बसवून बोलतं केलं, आणि फोलीने मुखवट्यामागून स्वतःची खरी हकिगत सांगितली: शाळेतलं एकाकीपण, स्नुकाची उडी, छपरावरची उडी. ती जुनी घरगुती चित्रफीत देशभर दाखवली गेली. लोकांना राक्षसाच्या आत एक ओशाळवाणा पोरगा दिसला आणि टाळ्या सुरू झाल्या. काही आठवड्यांतच 'ड्यूड लव्ह' प्रत्यक्ष अवतरला, स्टीव्ह ऑस्टिनचा जोडीदार म्हणून. सप्टेंबरमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला ट्रिपल एचविरुद्ध कोण लढणार यावर पडद्यावर ड्यूड लव्ह आणि मॅनकाइंड चर्चा करतात, आणि ठरतं की हे काम आपल्या दोघांचं नाही. कॅक्टस जॅकला बोलवा. जानेवारी 1998च्या रॉयल रंबलमध्ये तर एकाच सामन्यात तो तिन्ही रूपांत आला: पहिल्या क्रमांकावर कॅक्टस, सोळाव्यावर मॅनकाइंड, अठ्ठाविसाव्यावर ड्यूड.

आपल्याला इथे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवणं साहजिक आहे. लक्ष्मणराव देशपांडे एकटे बावन्न पात्रं उभी करत. पण फरक असा की तिथे आवाज आणि ढब बदलली की पात्र बदलायचं, प्रयोग संपला की पुढच्या गावी तोच प्रयोग. फोलीच्या प्रत्येक पात्राचं देणं एकाच अंगातून फेडलं जात होतं.

28 जून 1998, पिट्सबर्ग. अंडरटेकरने त्याला सुमारे सोळा फूट उंच पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर फेकलं. हे ठरलेलं होतं. स्ट्रेचरवरून नेत असताना तो उठला आणि पुन्हा पिंजऱ्यावर चढला. तिथे त्याला छतावर आपटलं तर जाळीच तुटली आणि तो थेट रिंगणात कोसळला. मागोमाग खुर्ची तोंडावर आली. हे ठरलेलं नव्हतं. दात तुटला, शुद्ध हरपली, तरी सामना पुरा झाला. जगभर आजही त्याचं नाव निघालं की हीच रात्र निघते. विचार करा: अकरा-बारा वर्षं घडवलेली पात्रं, बोललेली भाषणं, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते पडणं.

पण फोली त्याच वर्षी उलट्या दिशेला वळला. ऑक्टोबरमध्ये रुग्णालयातल्या एका विनोदी प्रवेशात त्याने हातावर मोजा चढवला, त्यावर तोंड रेखलेलं, नाव 'मिस्टर सॉको'. भयाण मॅनकाइंड आता पोरांचा लाडका झाला. 4 जानेवारी 1999ला त्याची विजेतेपदाची कुस्ती दाखवली जायची होती. ती आधीच चित्रित झालेली. प्रतिस्पर्धी वाहिनीने थेट प्रक्षेपणात निकाल फोडला आणि खिल्ली उडवली की याला बघायला कोण येणार. लाखो प्रेक्षकांनी तिथल्या तिथे वाहिनी बदलली, ती मॅनकाइंडला जिंकताना पाहायला. निकाल माहीत असूनही! ठरलेल्या कुस्तीत लोक काय पाहतात, याचा इतका चोख पुरावा दुसरा नाही. लोक निकाल पाहत नाहीत, ते माणूस पाहतात.

आणि वीस दिवसांनी त्याचीच दुसरी बाजू. द रॉकविरुद्ध 'मी हरलो' म्हणायला लावण्याचा सामना. हात बेड्यांत, आणि डोक्यावर लोखंडी खुर्चीचे अकरा घाव. ठरले होते त्याहून कितीतरी जास्त. पहिल्या रांगेत त्याची बायको आणि लहान मुलं रडत होती. 'बियाँड द मॅट' या माहितीपटात ते चित्रित आहे. शेवटी फोली हरलो म्हणालाच नाही. आधीच्या एका मुलाखतीतला त्याचा आवाज ध्वनिक्षेपकावर वाजवला गेला. कथेत पात्राची शान राखली गेली. पण डोक्यावरचे घाव पात्राने खाल्ले नव्हते.

त्याच वर्षी त्याने आत्मचरित्र लिहिलं. लेखनिक नाकारून, सातशेहून अधिक पानं स्वतःच्या हाताने. 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 2000च्या जानेवारीत त्याने मॅनकाइंडचा मुखवटा काढून पुन्हा कॅक्टस जॅक बाहेर आणला. मुखवटा फेकला, शर्ट काढला, एवढंच. आणि ट्रिपल एचच्या चेहऱ्यावर भीती दिसली. माणूस तोच, हे साऱ्या सभागृहाला ठाऊक, तरी काहीतरी बदललं. अभिनयाचं श्रेय इथे दोघांना द्यावं लागेल: रूप बदलणाऱ्याला आणि त्या रूपाला घाबरणाऱ्याला. सोंग एकट्याला वठवता येत नाही.

मोठ्या कंपनीत तीन वेळा तो जगज्जेता झाला, तिसऱ्यांदा अवघ्या एका दिवसासाठी. 2013मध्ये त्याचा सन्मान झाला तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनलाच. दरम्यान त्याने मुलांसाठी पुस्तकं लिहिली, लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम केलं. पुढे खुब्याचा सांधा बदलून घ्यावा लागला. डोक्यावर खुर्ची मारायला कंपनीने 2010मध्ये बंदी घातली. त्याआधी मल्लांच्या मेंदूंवर त्या घावांचं काय होतं ते उघड झालं होतं.

श्रोतेहो, माझा निष्कर्ष सांगून थांबतो. फोलीची तिन्ही सोंगं टिकली, कारण प्रत्येकात त्याच्या जगण्याचा एक खरा तुकडा होता: कॅक्टसमध्ये सोसण्याची जिद्द, ड्यूडमध्ये पोरवयातलं स्वप्न, मॅनकाइंडमध्ये एकाकीपण. ती कला होती, आणि तिला कला म्हणून मान द्यायला हवा. मात्र पिंजऱ्यावरून पडणं ही कला नव्हे, ती प्रेक्षकांनी मागितलेली आणि त्याने हसत दिलेली किंमत होती. त्याच्या मुलाखती, त्याचा मोजा, त्याची भाषणं यांनी जे साधलं ते पडण्याशिवायही साधलं असतं. तुमच्या घरी नातवंडं या झुंजी पाहत असतील तर 'सगळं खोटं आहे' म्हणून टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा आणि त्यांना सांगा: निकाल ठरलेला असतो, दुखणं ठरलेलं नसतं. छपरावरून उडी मारायची नाही, हे त्यांना मग वेगळं सांगावं लागणार नाही.