विडी सोडणाऱ्यास दूरध्वनीचे साहाय्य
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



मधल्या सुटीत शाळेमागील बांधाकडे जाऊन विडी ओढून येणारे गुरुजी मुलांना ठाऊक असतात. आरोग्याच्या तासाला ते फळ्यावर फुप्फुसाची आकृती काढतात, तेव्हा बोटांचा वास पहिल्या रांगेपासून लपत नाही. हे गुरुजींनाही कळते. विडी सोडण्याचा निश्चय त्यांनी अनेकदा केलेला असतो व तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडलेला असतो. अशा मनुष्यास केवळ मनोनिग्रहाचा उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्यास पोहण्याचे महत्त्व सांगणे होय.

निश्चय मोडतो, यास शारीरिक कारण आहे. धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचते. त्याची सवय जडलेल्या शरीरास ते मिळेनासे झाले, की चिडचिड, अस्वस्थता व झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास फार. पुढे काही आठवड्यांत तो ओसरतो. प्रत्येक तलफ मात्र काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ निभावून नेणारे कोणी हवे असते.

या हेतूने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सेवा राज्यभर सुरू केली. भारतात केंद्र शासनाची अशी सेवा दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मे २०१६ मध्ये सुरू झाली. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक असून त्यास पैसे पडत नाहीत.

पलीकडील समुपदेशक रागावत नाही. दिवसाला विड्या किती, उठल्यावर पहिली किती वेळाने, मागे सोडली होती ती पुन्हा कशाने लागली, असे तो विचारतो. (उठताक्षणीच विडी लागत असेल, तर व्यसन खोल गेले असे समजतात.) मग सोडण्याचा दिवस ठरतो. चहाबरोबर विडीची सवय असेल, तर चहाची वेळ व जागा बदलावयाची. तलफ आल्यास पाणी प्यावयाचे, दीर्घ श्वास घ्यावयाचा, त्या जागेवरून उठावयाचे. यानंतर समुपदेशक स्वतः होऊन पुन्हा दूरध्वनी करतो, आणि या सेवेचे मर्म येथेच आहे. गैरहजर मुलाच्या घरी गुरुजी स्वतः गेले, की दुसऱ्या दिवशी मूल शाळेत येते, हा अनुभव शिक्षकांस नवा नाही. एखादी विडी ओढली गेली तरी सारे बुडाले असे नाही, पुन्हा बोलावे. खोकल्यातून रक्त पडत असेल, तर मात्र दूरध्वनीवर न थांबता दवाखाना गाठावा.

ही सेवा विडीपुरती नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शेकडा ३.८ आढळले, तर तंबाखू, मिश्री इत्यादींचे सेवन करणारे शेकडा २४.४. मिश्री लावणाऱ्या माताही पालकसभेस येतात. त्यांनाही हाच क्रमांक सांगावा.

तो शाळेच्या फलकावर लिहून ठेवता येईल. गुरुजींना स्वतःसाठी हवा असल्यास कोणास विचारण्याचा संकोच नको. सप्टेंबर २०१८ पासून तो वेष्टनांवर छापण्याचा नियम आहे, विडीच्या कट्ट्यावरसुद्धा.